चौऱ्याऐंशी पाती

विजेचं माझ्यावर एकतर्फी प्रेम आहे. आजवर तिनं मला दोनदा कवटाळलंय आणि दोन्ही वेळा मी स्टुलावरून खाली पडलो म्हणून सुटलो. तेव्हापासून घरात साधा बल्ब बदलायचा असला तरी बायको मला म्हणते, "जा, जरा दूध घेऊन ये." मी दूध घेऊन येईपर्यंत बल्ब लागलेला असतो.

अशा माणसाला मुलुंडच्या आमच्या जुन्या मराठी शाळेच्या दुरुस्ती समितीवर का घेतलं, याचं उत्तर एका शब्दात सांगता येईल: रिकामा. विमा कंपनीतली नोकरी मी मुदतीआधीच सोडली होती. माजी विद्यार्थ्यांच्या बैठकीला बटाटेवडे आहेत असं कळलं म्हणून गेलो. वडा तोंडात असताना कुणीतरी माझं नाव सुचवलं, आणि तोंड भरलेलं असल्यामुळे मला नाही म्हणता आलं नाही. घरी येऊन सांगितलं तेव्हा बायको म्हणाली, "अरे, पण काम कसलंय?"

"वायरिंग, प्लंबिंग, पंप, सगळं नवीन करायचंय. उन्हाळ्याच्या सुट्टीत."

"आणि त्यात तू काय करणार?"

"देखरेख."

ती इतकी हसली की आतल्या खोलीतून आईनं विचारलं, "काय झाला गे?"

आई ऐंशीच्या घरात आहे. गाव मालवणकडचं. मुंबईत येऊन तिला साठेक वर्षं झाली असतील, पण जिभेनं अजून कोकणची बोट सोडलेली नाही. तिला सगळं सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि एकच गोष्ट म्हणाली.

"कायव करा. पण तुझ्या बापाशीचो पंखो माका होतो तसोच होयो. शाळा उघडायच्या आधी मी बघूक येतलंय."

त्या पंख्याबद्दल सांगायला हवं. माझे वडील गिरणीत होते. मी सातवीत असताना गिरणी बंद पडली ती पडलीच. मग ते आमच्याच शाळेत शिपाई म्हणून लागले. शिपाई हे नुसतं पद. घंटा त्यांची, टाकी त्यांची, पंप त्यांचा आणि फ्यूजही त्यांचेच. गिरणीत साच्यांशी, म्हणजे मागांशी झटलेला माणूस, त्यामुळे यंत्र म्हटलं की त्यांचा हात आपोआप पुढे जायचा. सूचनावही घेऊन ते सातवी ब च्या दारात आले की मात्र माझी पेन्सिल बाकाखाली पडायची. रोज पडायची. बाईंनी सूचना वाचून सही केल्यावर ते निघून जाईपर्यंत मला ती सापडायची नाही. पुढे वर्ग बदलले तरी तीन-चार वर्षं हा उद्योग मी नेमानं केला. वडील त्याबद्दल कधी एक शब्द बोलले नाहीत.

ते गेले तेव्हा मला नोकरी लागून जेमतेम काही महिने झाले होते. वर्षश्राद्धाला भटजींना छत्री-जोडे देण्यापेक्षा शाळेला पंखा देऊ, असं आईनं ठरवलं. तेव्हा ती पापड आणि मसाले करून विकायची. पंखा सातवी ब च्याच वर्गात लागला. एका पात्यावर कै. आणि वडिलांचं नाव, दुसऱ्यावर आजोबांचं, तिसऱ्यावर आडनाव, आणि मधल्या गोल भांड्यावर 'यांच्या स्मरणार्थ'.

अशा पंख्यांनी आमची शाळा भरलेली आहे. कुणाचा बाप, कुणाची आई, कुणाचा तरणा भाऊ, असे सगळे छताला. शाळेतला वारा हा पूर्वजांकडून येतो, असं आमचे एक मास्तर म्हणायचे.

काम सुरू झालं आणि पहिल्याच दिवशी मला माझी लायकी कळली. कामावर लक्ष ठेवायला एक इंजिनीयरबाई होत्या, पस्तिशीच्या, रोज दहिसरहून स्कूटरवर यायच्या. त्यांनी जुन्या पाइपाचा कापलेला तुकडा माझ्यापुढे धरला. आत गंज चढून चढून भोक इतकं बारीक झालं होतं की त्याला पाइप म्हणणं ही केवळ सभ्यता.

"काका, यातून पेन्सिलसुद्धा जाणार नाही. दुसऱ्या मजल्यावर पाणी कुठून चढणार?"

पेन्सिलींचा आणि माझा संबंध त्यांना माहीत नव्हता, तरी मी जरा चपापलो.

रात्री जेवताना मी बायकोला हे मोठ्या तांत्रिक रुबाबात सांगितलं. ती माझ्याच शाळेतली, चार वर्षं मागं. ती म्हणाली, "हे कळायला तुम्हाला पाइप कापावा लागला? दुसऱ्या मजल्यावर मुलींच्या बाथरूममध्ये आमच्या वेळेपासून पाणी नाही. आम्ही डब्याबरोबर घोटभर पाणी प्यायचो, बास. घरी येऊन तांब्याच्या तांब्या." माझा रुबाब मी भातात कालवून खाल्ला. दुसऱ्या दिवशी इंजिनीयरबाईंना सांगितलं, आधी दुसरा मजला. त्या म्हणाल्या, "काका, तेच तर आधी धरलंय," आणि मला कागद दाखवला. समितीत माझा एक तरी सल्ला मानला गेला, असं मी अजूनही सगळ्यांना सांगतो.

विजेचं काम मात्र अडलं. जिन्याखाली एक लाकडी पेटी होती, चिनी मातीच्या फ्यूजांची. कुठला फ्यूज कुठल्या खोलीचा, कुणाला माहीत नाही. नकाशा म्हणून जो होता तो वाळवीनं खाल्लेला. इलेक्ट्रिशियन कांजूरमार्गचा, माझ्याच वयाचा, पोट पुढे आणि पक्कड पोटाच्याही पुढे. त्यानं पेटीचं दार पूर्ण उघडलं आणि म्हणाला, "साहेब, हे बघा काय. कोणतरी देवमाणूस होता."

दाराच्या आतल्या बाजूला पेन्सिलीनं लिहिलेलं होतं. प्रत्येक फ्यूजच्या समोर खोलीचं नाव. खाली एक ओळ: 'पावसात तिसरा काढून ठेवणे, भिंत ओली होते.' अक्षर वडिलांचं. मला ते ओळखायला सूचनावहीची गरज नव्हती. घरच्या दुधाच्या हिशेबाच्या कॅलेंडरवर तेच अक्षर होतं.

इंजिनीयरबाईंनी मोबाइलवर फोटो काढला आणि त्याच्यावरून काम पुढे सरकलं. वडिलांच्या पेन्सिलीनं शाळेला दिशा दाखवली. माझी आयुष्यभर बाकाखाली होती.

आता पंखे. इंजिनीयरबाईंचं म्हणणं, नवे पंखे लावा, वीज निम्मी लागते. समितीतले सर्वांत ज्येष्ठ म्हणजे आमचे निवृत्त मुख्याध्यापक. ते म्हणाले, "अहो, ही माणसं आहेत. माणसं कशी बदलता?" ठरलं असं की वायरिंग, बटणं, रेग्युलेटर सगळं नवं. पंखे तेच, पण उतरवून, साफ करून, आतली गुंडाळी आणि बेअरिंग बदलून पुन्हा टांगायचे. अठ्ठावीस पंखे. हे काम समितीनं माझ्याकडे सोपवलं, कारण त्यात वीज नव्हती. पंखे खाली उतरलेले, पाती सुटलेली. त्यात धोका काय असणार?

इंजिनीयरबाईंनी सांगून ठेवलं होतं, "काका, एका पंख्याची तीन पाती तारेनं एकत्र बांधा. नाहीतर मागच्या बाजूला रंगानं नंबर घाला."

मी म्हटलं, "तार कशाला? शाळेत आहोत. खडू आहे ना!"

वर्ग रिकामे, फळ्याखाली खडूंची खोकी. मी दोन दिवस बसून प्रत्येक पात्याच्या मागे सुबक अक्षरात आकडे घातले. पंखा एक पातं एक, पंखा एक पातं दोन, असं करत पंखा अठ्ठावीस पातं तीनपर्यंत. आयुष्यात काही केलं असेल तर हे अक्षर, असं मला वाटलं. इलेक्ट्रिशियननं फक्त मधली भांडी स्वतःच्या रंगानं क्रमांक घालून दुरुस्तीला नेली.

पाती राहिली माझ्याकडे. त्यांच्यावर वर्षानुवर्षांचा काळा चिकट थर. मी शाळेत झाडलोट करणाऱ्या दोन मावश्यांना बोलावलं, गरम पाणी आणि सोडा दिला आणि बजावून सांगितलं, "दोन्ही बाजूंनी घासा हं. अगदी लख्ख."

त्या बायका कामाला वाघ. संध्याकाळी मी आलो तेव्हा मैदानात चादरींवर चौऱ्याऐंशी पाती बोंबील वाळत घालावेत तशी ओळीनं मांडलेली होती, उन्हात चमकत होती, वरची लाल अक्षरं नव्यासारखी. मी कौतुकानं एक पातं उचललं आणि मागं फिरवून पाहिलं.

मागची बाजू आरशासारखी स्वच्छ होती.

मी दुसरं उचललं. मग तिसरं. मग उरलेली एक्क्याऐंशी उचलायची हिंमत झाली नाही. मावशी म्हणाली, "साहेब, मागं खडूनं काय तरी गिचमिड केली व्हती पोरांनी. समदी काढली."

आपल्याकडे चौऱ्याऐंशी लक्ष फेरे सांगितलेत. त्यातले काही हजार मी त्या संध्याकाळी मैदानातच मारले.

सगळे पंखे एकाच दुकानातून आलेले, एकाच रंगाचे, आणि नावं एकाच पेंटरनं त्याच लाल रंगात लिहिलेली. अक्षरावरून काही कळेना. मी बायकोला बोलावून घेतलं. नावाला वडिलांचं नाव, वडिलांच्या नावाला आडनाव असं आम्ही दोघांनी अंदाजानं जुळवायला घेतलं. पहिला पंखा तयार झाल्यावर इलेक्ट्रिशियननं तो मुख्याध्यापकांच्या खोलीत टांगला. आमचे ज्येष्ठ सर चष्मा पुसून वर बघत राहिले.

"अहो," ते हळूच म्हणाले, "या दोघांचं लग्न झालेलं नव्हतं. यांचे यजमान वेगळे. आणि हे गृहस्थ... हे आयुष्यभर ब्रह्मचारी होते."

दुसरा पंखा लावला तर त्याच्या भांड्यावर 'स्मरणार्थ' आणि पात्यांवर समितीतल्याच एका सदस्यांचं आणि त्यांच्या वडिलांचं नाव, फक्त आडनाव भलतंच. त्यांनी शाळेला स्वतःच्या नावाचा पंखा सप्रेम भेट दिला होता. ते त्या वेळी व्हरांड्यात चहा पीत होते. पंखा चालू केला तर तो असा थडथडला की लगेच बंद करावा लागला; आवाजानं सदस्य आत आले, त्यांनी वर पाहिलं आणि चहा तसाच ठेवून घरी गेले.

"वाट लागली, साहेब," इलेक्ट्रिशियन म्हणाला. "ह्या पात्यांचा सेट असतो. कंपनीतून वजनाला वजन लावून येतात तिघं. दुसऱ्याचं लावलं की पंखा डुलतो. आज नाय पडणार, पण डुलणार."

देणगीदारांची वही? तिचं वाळवीनं नकाशाबरोबरच जेवण केलं होतं.

बायकोनं माझ्याकडे पाहिलं. "एकाच माणसाला हे सगळं माहितीय."

"नको."

"आईंना सांग."

"नको गं. त्या पंख्यासाठी ती रोज विचारते."

"म्हणूनच सांग."

मी तीन दिवस सांगितलं नाही. आई रोज रात्री जेवताना विचारायची, "पंखो लागलो?" आणि मी म्हणायचो, "साफ झालाय, एकदम झकास." हे खरंच होतं. इतका साफ पंखा मुलुंडमध्ये दुसरा नसेल. शाळा उघडायला आठवडा राहिला. चौथ्या रात्री तिनं विचारण्याआधीच मी सगळं सांगून टाकलं: खडू, सोडा, मावश्या, ब्रह्मचारी, सगळं. वडिलांची पातीही त्या ढिगात आहेत, हे शेवटी, अगदी हळू आवाजात.

आईनं हातातला घास ताटात ठेवला. मला सातवीतल्यासारखं वाटायला लागलं.

"खडू," ती म्हणाली. "मेल्या, ऑफिसात तुका पगार कशाचो दी होते?"

बायको ताटाकडे बघून हसू दाबत होती.

"सकाळी रिक्षा घेऊन ये," आई म्हणाली. "आणि माका टेकूक उशी घे."

दुसऱ्या दिवशी तळमजल्यावरच्या वर्गात आई खुर्चीत बसली, पाठीला उशी, पुढे दोन बाकं जोडलेली. मी पातं आणून पुढे धरायचो, ती वाचायची. मोतीबिंदूचं ऑपरेशन झाल्यापासून तिला माझ्यापेक्षा स्वच्छ दिसतं. आमच्या चाळीत, मागच्या गल्लीत, बाजारात, तिनं घरोघर पापड पोचवलेले. कोण कुणाचा, कोण कुणाच्यात दिली, सगळं तिच्या डोक्यात होतं, आणि तिथं वाळवी पोचलेली नव्हती.

"ह्यो पोस्टातलो. ह्येचो बापूस भजन करी, तां नाव शोध. हां, तांच. ह्या बाईचो घोव टेलर, एका पायान लंगडो. दोन पाती तिकडे सरकव. नाय रे, ह्यो तो नाय, ह्यो तेचो चुलतो."

"आई, नक्की?"

"तेच्या लग्नात मी शंभर पापड भाजलंय. तू माका विचारतंस?"

नावं मी इथं लिहीत नाही. पात्यांवर आहेत ती पुरेत. पण त्या दीड दिवसात मला आमच्या भागातली इतकी लग्नं, भांडणं, आजारपणं आणि सुनांचे पराक्रम कळले की तेवढ्यासाठी मी आणखी पन्नास पंखे पुसायला तयार झालो असतो. इंजिनीयरबाई येता-जाता दारात थांबायच्या. एकदा त्या आत येऊन बसल्याच आणि म्हणाल्या, "आजी, मग त्या टेलरचं पुढे काय झालं?" आईनं सांगितलं. त्या दिवशी पंपाची चाचणी तासभर उशिरा झाली.

एकवीस पंखे पूर्ण जुळले. बाकी सात पंख्यांचं एक गाडं अडलं. या सातही घरांचं आडनाव एकच होतं. आमचंच. कोकणातल्या एकाच वाडीतून आलेली भावकी. नाव आणि वडिलांचं नाव आईनं कधीच लावून दिलं होतं. उरली होती आडनावाची सात पाती, सातही सारखी.

मी म्हटलं, "आई, मग प्रश्नच मिटला. कुठलंही लाव. आडनाव तेच."

आईनं माझ्याकडे असं पाहिलं की मी समोरच्या फळ्याकडे बघायला लागलो.

"आडनाव तांच. पातां तेचां नाय." मग त्या सात पात्यांकडे बोट दाखवून, "मी पंखो एकाचोच दिलेलंय ना? मग तेचांच होया."

इलेक्ट्रिशियन स्टुलावरून उतरला. "मावशी बरोबर बोलतात, साहेब. लावून लावून बघू. सेटचं असेल ते डुलणार नाय."

सातवी ब चा वर्ग तळमजल्यावरच. इंजिनीयरबाईंनी नव्या बोर्डावरून फक्त त्या वर्गाचं बटण चालू करून दिलं. वडिलांची दोन पाती जागेवर बसवली आणि तिसऱ्या जागी एकेक आडनाव लावायला सुरुवात झाली. आईला मधल्या बाकावर बसवलं. मी शेजारी बसलो, आणि बसल्यावर लक्षात आलं की मी माझ्याच जुन्या रांगेत बसलोय. बाक मात्र तेव्हापेक्षा बरंच लहान झालं होतं.

पहिलं पातं. पंखा थडथडला. दुसरं. त्याहून जास्त. तिसरं लावलं आणि पंखा अगदी गुपचूप फिरला. इलेक्ट्रिशियननं पात्यांच्या टोकांशी फूटपट्टी धरून, हातानं हळू फिरवून पाहिलं, तिन्ही एका रेषेत. "हेच!" मी ओरडलो. आई म्हणाली, "सगळी बघ." चौथं डुललं. पाचवं लावलं, आणि तेही गुपचूप. सहावं, सातवं, दोन्ही डुलली.

"तिसरं आणि पाचवं," इलेक्ट्रिशियन घाम पुसत म्हणाला. "दोन्ही ओके. आता ह्यात मी काय सांगू? दोघांचं वजन सारखंच निघालं."

"तिसरंच घेऊ," मी म्हटलं. "पहिल्यांदा तेच बरोबर वाटलं."

"तुझा काय, तू पयल्या बसाक चढणारो. दोन्ही हाडून दी."

दोन्ही पाती तिच्या मांडीवर दिली. तिनं पदरानं ती पुसली, जी मावश्यांनी आधीच आरशासारखी केली होती. मग अक्षरांवरून बोट फिरवायला लागली, अगदी सावकाश, पापड लाटून झाल्यावर कडा चाचपतात तशी. तिसऱ्या पात्यावरून बोट सरळ गेलं. पाचव्याच्या शेवटच्या अक्षराशी ते थांबलं.

"ह्या बघ."

मी वाकलो. शेवटच्या अक्षराच्या कडेला लाल रंग जरा पसरलेला होता. नीट पाहिलं तर त्यात बारीक गोल रेघा. अंगठा.

"कोणाचो?" आईनं विचारलं.

मला खरंच आठवेना.

"पेंटर आपल्या खोलयेत बसान नावां लिही होतो. मी तुका सांगितलंय, ओलां आसा, हात लावू नको. तरी लावलंस. मी पाठीत धपाटो घातलंय. तुका नोकरी लागलेली तेव्हा! पेंटर हसलो. म्हणालो, ऱ्हवांदे, बापाशीच्या पंख्यार झिलाची सही झाली."

मी अंगठा त्या ठशावर टेकवला. आता तो थोडा जाडा झाला होता, पण मापात बसला.

"साहेब," इलेक्ट्रिशियन गंभीरपणे म्हणाला, "त्या टायमाला खडूनं नंबर घातला असता तर आज सापडलं नसतं."

पाचवं पातं वर गेलं. स्क्रू आवळले. बटण दाबलं. पंखा फिरायला लागला, आणि वर्गात नव्या रंगाचा वास आणि त्यावरून येणारा वारा, एवढंच राहिलं. मी वर बघत होतो. थोड्या वेळानं एक गोष्ट माझ्या लक्षात आली.

"आई, चालू असताना नाव काही वाचता येत नाही गं."

"नायच येणा. पयल्यापासून नाय येणा." ती वर बघतच म्हणाली. "वीज जाय तेव्हाच दिसा."

दारातून इंजिनीयरबाई म्हणाल्या, "आता नाही जाणार, आजी. सगळं नवीन केलंय."

"बरां केलास गे. पोरांक उकडता." मग तिनं इलेक्ट्रिशियनकडे पाहून हात हलवला. "पण आता एकदा बंद कर रे बाबा. वाचूक होया."

त्यानं बटण बंद केलं. पंखा लगेच थांबत नाही. आधी लाल धुरकट वर्तुळ दिसलं, मग तुकडे, मग अक्षरं एकामागून एक येऊ लागली. वडिलांचं नाव दारासमोरून गेलं, पुन्हा आलं, पुन्हा गेलं, आणि शेवटच्या फेरीला संथ होत बरोबर दाराच्या दिशेला येऊन थांबलं. सूचनावही घेऊन ते उभे राहायचे त्या जागी. मी बाकावर बसलो होतो आणि खाली काही पडलेलं नव्हतं. मी वर बघत राहिलो.

आईनं ओठ हलवत तिन्ही पाती वाचली. आजोबांचं नाव वाचताना तिनं सवयीनं डोक्यावर पदर घेतला, सासरे ना.

"आता कर चालू," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळून, "बाकी सगळी पाती आज लावून घे. आणि रे, ह्या वेळेक मागे रंगान नंबर घाल. खडू माका हंय दिसूक नको."

उरलेली सहा आडनावं त्या दुपारभर आम्ही अशीच लावून बघितली. बायको तेवढ्यात दुसऱ्या मजल्यावर जाऊन आली. वरच्या बाथरूमचे सगळे नळ तिनं एकेक करून उघडले आणि बंद केले. खाली आली तेव्हा तिचे हात कोपरापर्यंत ओले होते. तिनं आईच्या बाटलीतलं पाणी घटाघट पिऊन टाकलं.

आम्ही निघालो. रिक्षात आईनं उशी माझ्या मांडीवर ठेवली आणि डोळे मिटले. मला वाटलं, झोपली. एवढ्यात ती म्हणाली, "तुझी पेन्सिल पडायची ना रे वर्गात."

मी दचकलो. "तुला कुणी सांगितलं?"

"तुझ्या बापाशीनच. घरी येऊन सांगी. म्हणी, आजव पडली. आणि हसा."

रिक्षा सिग्नलला थांबली होती. मी बाहेर बघितलं, मग आईकडे बघितलं. तिचे डोळे अजून मिटलेलेच होते.

"हसायचे?" मी विचारलं.

"मग काय तर," आई म्हणाली. "जरा बाजू हो. वारो येऊक दी."